शापुरजी सकलातवाला : मुंबईत वाढलेला, बॅटरसीने निवडलेला

मुंबईत असताना आपल्यापैकी अनेकांचे शेजारी पारशी होते. भायखळा, नागपाडा, जेकब सर्कल या भागांत वाढलेल्या मंडळींना पारशी डॉक्टर, पारशी वकील, पारशी शाळामास्तर हे सगळे परिचयाचे. विलायतेच्या पार्लमेंटात बसलेले पहिले हिंदी गृहस्थ दादाभाई नवरोजी, हेही आपण शाळेत शिकलो. दुसरे मंचरजी भावनगरी, तेही पारशीच. परंतु तिसऱ्याचे नाव विचारले तर पुष्कळांना आठवत नाही. ते नाव म्हणजे शापुरजी सकलातवाला. या तिघांत सर्वांत श्रीमंत घरातून आलेला हाच, आणि गरिबांची बाजू सर्वांत कडकपणे मांडणाराही हाच. त्यांची हकीकत आपल्या वाचकांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. त्यांच्या जीवनाला वळण लागले ते मुंबईच्या प्लेगच्या साथीत, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर उदाहरण होते एका यहुदी शास्त्रज्ञाचे.

शापुरजींचा जन्म २८ मार्च १८७४ रोजी मुंबईत झाला. वडील दोराबजी हे व्यापारी. आई जेरबाई या जमशेटजी टाटांच्या सख्ख्या बहीण. मुलगा मामाच्या घरच्या सावलीतच मोठा झाला. फोर्टातले एस्प्लनेड हाऊस म्हणजे टाटांचा वाडा. तेथे पाहुण्यांची, पुस्तकांची, गाड्याघोड्यांची रेलचेल. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, शाळा आणि कॉलेज दोन्ही. पुढे टाटांच्या पेढीत काम करायचे, पैसा मिळवायचा, सुखाने राहायचे, अशी सगळी वाट आखलेली होती.

मग १८९६ साल उजाडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात पहिला प्लेगचा रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या समाजाची जुनी वस्ती. सॅम्युएल स्ट्रीट, इसराएल मोहल्ला, सामाजी हसाजींनी १७९६ साली बांधलेली मशीद, सारे त्याच परिसरात. धान्याची कोठारे, त्यांत उंदीर, आणि वर माणसांनी खच्चून भरलेल्या अंधाऱ्या खोल्या. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पुढे १८९८ साली दाखवून दिले. त्या वेळी मात्र कोणालाच काही कळत नव्हते. सरकारने घरोघर झडत्या घेतल्या, माणसांना उचलून छावण्यांत नेले, प्रकाश यावा म्हणून छपरांची कौले काढली. लोक भीतीने गावी पळाले. आपल्याकडच्याही पुष्कळ कुटुंबांनी त्या वेळी कोकणची वाट धरली असेल.

याच वेळी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ते ओडेसाचे यहुदी, १८६० साली जन्मलेले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा घेऊन त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना टोचली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी टोचून घेतलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली आणि सगळा दोष हाफकिन यांच्यावर टाकण्यात आला. दोष त्यांचा नव्हता हे सिद्ध होऊन ते मोकळे व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. ते आपण सर्वांनी येता-जाता पाहिलेले आहे.

विशी ओलांडलेले शापुरजी या हाफकिन यांच्या प्लेगच्या कामात मदतीला गेले. इस्पितळात आणि चाळींत त्यांनी जे पाहिले ते एस्प्लनेड हाऊसमध्ये कधीच दिसले नसते. एका खोलीत आठ-दहा माणसे, एकाला ताप आला की दुसऱ्याला येणार हे ठरलेलेच. लस असली तरी अंधारी खोली तीच, मालक तोच, भाडे तेच. रोगाचे मूळ औषधाच्या बाटलीपेक्षा राहत्या घरात आणि मजुरीत आहे, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचा गाभा होता. दुसरा धडाही याच काळातला. गोऱ्या साहेबांच्या एका क्लबात हाफकिन यांच्याकडे कामासाठी गेलेल्या शापुरजींना हिंदी म्हणून पुढच्या दाराने आत घेतले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. टाटांचा भाचा असूनही दार बंद ते बंदच.

प्लेगनंतर टाटांनी त्यांना लोखंड आणि कोळसा यांच्या शोधासाठी बिहार-ओरिसाच्या जंगलांत पाठविले. ज्या शोधातून पुढे जमशेदपूरचा पोलाद कारखाना उभा राहिला, त्यात त्यांचे कष्ट आहेत. पण तेथे हिवतापाने त्यांना पछाडले. प्रकृती सुधारावी आणि पेढीचे तिकडचे कामही पाहावे म्हणून १९०५ साली त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. डर्बीशायरमधील मॅटलॉक या गावी पाण्याच्या उपचारांचे एक मोठे आरोग्यभवन होते. तेथे ते राहिले. तेथे जेवणाच्या टेबलावर वाढण्याचे काम करणाऱ्या सॅरा मार्श या कामकरी घरातल्या मुलीशी त्यांची ओळख झाली. तिला सारे सॅली म्हणत. १९०७ साली दोघांचे लग्न झाले. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. टाटांच्या भाच्याने आरोग्यभवनातल्या वाढपिणीशी लग्न करावे, ही त्या काळी दोन्हीकडे सहज पचणारी गोष्ट नव्हती. पण संसार अखेरपर्यंत चांगला झाला.

इंग्लंडात त्यांनी पाहिले की गरिबी काही फक्त मुंबईच्या चाळीत नाही. मँचेस्टरच्या गिरणीवाल्या गल्ल्यांतही तीच अंधारी खोली, तोच खोकला, तोच घरभाड्याचा तगादा. १९०९ साली ते स्वतंत्र मजूर पक्षात शिरले, कारकुनांच्या संघटनेचे सभासद झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी कामगारांच्या हितासाठी विलायतेत वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया ही संस्था निघाली, तिच्या स्थापनेत ते होते. त्यांचे म्हणणे सोपे होते. डंडी शहरातल्या ताग कामगाराचा पगार टिकवायचा असेल तर कलकत्त्याच्या ताग कामगाराचा पगार वाढला पाहिजे, कारण मालक एकच आहेत आणि जिथे मजुरी स्वस्त तिथे ते धंदा नेणार. एवढे सांगायला दोन्ही देश पाहिलेला माणूसच लागत होता.

रशियातील क्रांतीने त्यांच्या मनावर मोठा परिणाम केला. स्वतंत्र मजूर पक्ष तिसऱ्या इंटरनॅशनलला जाऊन मिळत नाही असे दिसताच १९२१ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. तरीही बॅटरसी नॉर्थ या मतदारसंघाने १९२२ साली त्यांना मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून उभे केले.

बॅटरसीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. टेम्स नदीच्या दक्षिण काठावरची ही कामगारांची वस्ती. रेल्वेचे कारखाने, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना, आणि त्यांच्या धुरात एकमेकांना चिकटलेली घरे. पण ही वस्ती मोठी जागरूक होती. १९०३ साली तेथील नगरपालिकेने कंत्राटदाराला बाजूला सारून स्वतःच्याच कामगारांकडून लॅचमिअर येथे कामगारांसाठी घरे बांधून घेतली होती. १९१३ साली तेथे जॉन आर्चर हे मेयर झाले. ते लिव्हरपुलात जन्मलेले, वडील बार्बेडोसचे, वर्णाने काळे. हेच आर्चर शापुरजींच्या निवडणुकीची धुरा वाहत होते. जेथे काळा मेयर होऊ शकला तेथे हिंदी खासदार का होऊ नये? १९२२ च्या नोव्हेंबरात शापुरजींना ११,३११ मते पडली आणि ते निवडून आले. बॅटरसीच्या लोकांनी त्यांचे अवघड नाव आखडून सॅक केले होते.

ते पार्लमेंटात गेले तेव्हा सत्तेवर हुजूर पक्ष होता. युद्ध संपल्यावर सैनिकांना चांगली घरे देऊ, असे वचन सरकारने दिले होते. १९१९ च्या कायद्याने तीन वर्षांत पाच लाख घरे बांधायचे ठरले. पण १९२१ साली खर्च कापण्याच्या नावाखाली ती योजना आवरती घेण्यात आली. युद्धकाळात, १९१५ साली, ग्लासगोच्या बायकांनी भाडेबंदी केली होती तेव्हा सरकारने घरभाड्यावर बंधन घातले. १९२३ च्या कायद्याने ते बंधन सैल करण्यास सुरुवात झाली. त्यातली युक्ती अशी की जुना भाडेकरू निघून गेला की ती जागा बंधनातून सुटायची. मग मालकाला जुना भाडेकरू नकोसा होणार हे सांगायला ज्योतिषी नको. घरबांधणीची सरकारी मदतही मुख्यतः खासगी बांधकामवाल्यांकडे वळली.

आजारपणाची स्थिती याहून वेगळी नव्हती. १९११ च्या विमा कायद्याखाली कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळत नसे. पुरुष आजारी पडला तर डॉक्टर येणार, आई आजारी पडली तर आधी पैसे मोजायचे. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेलेली. अशा वेळी विरोधी बाकावरून शापुरजी बेकारी, घरे, मजुरी या प्रश्नांवर सरकारला धारेवर धरीत, आणि त्याच भाषणात हिंदुस्थानातील गिरणी आणि खाण कामगारांचा प्रश्न आणून जोडीत. सभागृहातील पुष्कळांना हा माणूस बॅटरसीबद्दल बोलता बोलता मुंबईला कसा पोहोचतो याचा राग येई. त्यांच्या दृष्टीने मात्र तो एकच प्रश्न होता. टाटांच्या कारखान्यातील कामगारांची बाजूही त्यांनी सोडली नाही. १९२५ साली त्यांनी टाटांची नोकरी सोडली. घरात पाच मुले असताना पगारावर पाणी सोडणे हे बोलण्याइतके सोपे नसते.

१९२३ च्या निवडणुकीत ते अवघ्या १८६ मतांनी पडले. १९२४ साली मजूर पक्षाने कम्युनिस्टांना दार बंद केले, तेव्हा ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि ५४२ मतांनी निवडून आले. बॅटरसीच्या स्थानिक मजूर कार्यकर्त्यांनी वरच्यांचे न ऐकता त्यांना साथ दिली. त्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली. पुढे पक्षाने ती स्थानिक शाखाच आपल्यातून काढून टाकली.

१९२६ हे साल त्यांच्या आयुष्यातले कसोटीचे. खाणमालकांनी मजुरी कमी आणि तास जास्त अशी मागणी पुढे केली. खाणकामगारांनी नकार दिला तेव्हा १ मे पासून त्यांना खाणींबाहेर ठेवण्यात आले. त्याच दिवशी लंडनच्या हाइड पार्कमध्ये मे दिनाची सभा झाली. शापुरजींनी तेथे भाषण करून सैनिकांना आवाहन केले की आपल्याच कामगार बांधवांवर गोळी झाडू नका. ४ मे रोजी देशभर सार्वत्रिक संप सुरू झाला आणि त्याच दिवशी त्यांना पकडण्यात आले. चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्या आणि घरी जा, असे कोर्टाने सांगितले. त्यांनी ते नाकारले. दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि पार्लमेंटचा सभासद वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात गेला. सार्वत्रिक संप १२ मे रोजी मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र हिवाळा येईपर्यंत उपाशीपोटी झुंजले आणि शेवटी हरले. पुढच्याच वर्षी सरकारने सहानुभूतीचे संप बेकायदा ठरविणारा कायदा केला.

१९२७ च्या जानेवारीत शापुरजी मुंबई बंदरात उतरले. बावीस वर्षांपूर्वी आजारी होऊन गेलेला मुलगा खासदार होऊन परत आला होता. तीन महिने ते देशभर फिरले. सभांना अलोट गर्दी झाली. दिल्लीला ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात ते बोलले. महात्माजींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला तो पुष्कळ गाजला. चरखा बाजूला ठेवून शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या संघटना बांधा, लोकांना पाया पडू देऊ नका, महात्मा ही पदवी सोडा, असे शापुरजींनी त्यांना स्पष्ट लिहिले. महात्माजींनी आपल्या पत्रातून सौम्यपणे उत्तर दिले, पण आपली वाट सोडली नाही. दोघांचे मतभेद मोठे होते, तरी बोलण्यातली सभ्यता एकानेही सोडली नाही.

ते लंडनला परतल्यावर सरकारने त्यांच्या पासपोर्टावरील हिंदुस्थानात जाण्याची परवानगी काढून घेतली. १९२९ साली मजूर पक्ष सत्तेवर आला, त्यानेही ती परत दिली नाही. अमेरिकेनेही त्याआधी, १९२५ साली, पार्लमेंटच्या शिष्टमंडळातून येऊ पाहणाऱ्या या खासदाराला देशात येऊ दिले नव्हते. अमेरिकेचे सोडा. पण जन्मभूमीचे दार एकदा मिटले ते त्यांच्यासाठी पुन्हा कधीच उघडले नाही. मुंबई त्यांना पुन्हा दिसली नाही.

याच वर्षी घडलेली एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. १९२७ च्या जुलैत शापुरजींनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. सद्रा आणि कुस्ती घालून मुलांना जरथोस्ती धर्मात घेण्याचा हा विधी. धर्म न मानणाऱ्या पक्षाचा खासदार, बायको इंग्रज, आणि तरी नवजोत! कम्युनिस्ट पक्षाने त्यांना जाहीर ठपका दिला. त्यांनी तो सोसला, पण केलेले मागे घेतले नाही. मुलांना आपण कोण हे कळले पाहिजे, एवढी त्यांची ओढ दिसते. परक्या देशात मुलांना वाढविणाऱ्या आईबापांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे चरित्र खोटे होईल. सोव्हिएत रशियावर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत तपासून पाहिली नाही. १९३० नंतर तेथे शेतकऱ्यांची जी उपासमार झाली, जी माणसे नाहीशी झाली, हिब्रू शिकविणेही ज्या राज्यात गुन्ह्यासारखे झाले, त्याबद्दल या गरिबांच्या कैवाऱ्याने आवाज उठविला नाही. जवळचा अन्याय ज्याला लख्ख दिसतो त्याला लांबचा दिसतोच असे नाही. त्यांच्या पक्षनिष्ठेचा तोटा त्यांनाही झाला. १९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध आपला उमेदवार उभा केला. शापुरजींना फक्त ६,५५४ मते पडली. नंतर १९३० साली ग्लासगोच्या शेटल्स्टन येथे आणि १९३१ साली पुन्हा बॅटरसीत ते उभे राहिले आणि पडले.

तरी ते घरी बसले नाहीत. गावोगावच्या सभा, बेकारांचे मोर्चे, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची व्याख्याने, हे अखेरपर्यंत चालू राहिले. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६१. गोल्डर्स ग्रीन येथे दहन झाले आणि रक्षा ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत ठेवण्यात आली. तेथेच त्यांच्या आईवडिलांची आणि मामा जमशेटजींचीही विश्रांतीची जागा आहे. ज्या टाटा घराण्याच्या पेढीपासून ते दूर गेले, त्याच घराण्याच्या शेजारी ते शेवटी विसावले.

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तेथे लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी आपल्या बटालियनला सकलातवालांचे नाव दिले. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडात सर्वांना मोफत डॉक्टर आणि इस्पितळ मिळू लागले. बायकोलाही आणि मुलांनाही. ते काम दुसऱ्यांनी केले आणि ते पाहायला शापुरजी नव्हते. त्यांच्यानंतर हिंदी वंशाचा खासदार ब्रिटिश पार्लमेंटात यायला १९८७ साल उजाडावे लागले. म्हणजे अठ्ठावन्न वर्षे ती जागा रिकामी होती.

आपण बेने इस्राएल लोक नवीन देशात आलो तेव्हा आपल्यालाही घर, काम आणि मान या तिन्ही गोष्टींसाठी झगडावे लागले. १९६४ साली आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणे धरले ते भाकरीसाठी नव्हते, इतरांच्या बरोबरीने यहुदी म्हणून ओळखले जावे यासाठी होते. त्या दिवसांत जे तेथे बसले त्यांना शापुरजींच्या दोन्ही बाजू चटकन समजतील. राहत्या देशातल्या गरिबासाठी भांडायचे, आणि आपण कोठून आलो हेही सोडायचे नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे त्यांना शेवटपर्यंत वाटले नाही.

त्यांची मुलगी सेहरी यांनी १९९१ साली वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. पारशी बाप आणि इंग्रज आई यांच्या या लेकीने पुस्तकाला जे नाव दिले ते वाचून आपल्या कोणत्याही घरातल्या मुलाला ओळख पटेल. ते नाव आहे पाचवी आज्ञा. सिनाय पर्वतावर मोशे रब्बेनूंना मिळालेल्या दहा आज्ञांपैकी पाचवी कोणती, हे आपल्या मुलांना विचारून पाहावे. त्यांना सांगता आले, तर शापुरजी सकलातवालांची गोष्टही त्यांना जरूर सांगावी.